दाढ एकच, रांगा दोन: ब्रिटनच्या दंतसेवेत 'निवड' कुठून आली?

ब्रिटनमध्ये आज एखाद्याची दाढ दुखायला लागली तर त्याच्यासमोर दोन मार्ग आहेत, असे सांगितले जाते. एक सरकारी आरोग्यसेवेचा, म्हणजे एनएचएसचा डेंटिस्ट. दुसरा खासगी डेंटिस्ट. गंमत म्हणजे पुष्कळदा हे दोन वेगळे डेंटिस्ट नसतातच. दवाखाना तोच, खुर्ची तीच, डोक्यावरचा दिवाही तोच. दहा वाजताचा पेशंट एनएचएसचा असतो आणि साडेदहाचा खासगी. फरक एवढाच की एकाला तीन महिन्यांनंतरची तारीख मिळते आणि दुसऱ्याला उद्याची. मग पेशंटला नम्रपणे विचारले जाते, "तुम्ही कोणता पर्याय निवडता?"

मित्रांनो, माझा आक्षेप या 'निवडता' शब्दाला आहे. निवड करायची तर दोन्ही दारे उघडी असावी लागतात. ऑगस्ट २०२२ मध्ये बीबीसीने ब्रिटिश डेंटल असोसिएशनच्या मदतीने देशभरातल्या एनएचएस दंत-दवाखान्यांना फोन लावले. दहापैकी नऊ दवाखाने नवा प्रौढ पेशंट घ्यायला तयार नव्हते. दहापैकी आठ दवाखाने नव्या मुलांनाही घेत नव्हते. अशा देशात 'सरकारी की खासगी' हा प्रश्न ज्याच्या खिशात पैसे आहेत त्यालाच विचारता येतो. ज्याच्या खिशात नाहीत, त्याच्यासाठी 'खासगी की पक्कड' असा प्रश्न उरतो, आणि हे मी अलंकारिक भाषेत बोलत नाही. घरातल्या पक्कडीने स्वतःचा दात उपटणाऱ्या माणसांच्या बातम्या ब्रिटनच्या वर्तमानपत्रांत गेली वीस वर्षे येत आहेत. जगातल्या पहिल्या सहा-सात अर्थव्यवस्थांपैकी एक असलेल्या देशात हे घडते. ते का घडते याचे उत्तर इतिहासात आहे, आणि तो इतिहास दवाखान्यातून नाही, साखरेपासून सुरू होतो.

१५९८ मध्ये पॉल हेन्ट्झनर नावाच्या जर्मन प्रवाशाने राणी एलिझाबेथला पाहिले आणि तिचे दात काळे असल्याची नोंद करून ठेवली. इंग्रज लोक साखर फार खातात, हे त्याने त्याचे कारण दिले. त्या काळी साखर ही श्रीमंतांची चैन होती, म्हणून किडलेला दात हेही श्रीमंतीचे लक्षण होते. पुढच्या दोनशे वर्षांत हे उलटे झाले. कॅरिबियन बेटांवर आफ्रिकेतून पकडून नेलेल्या गुलामांच्या पाठीवर चाबूक ओढून उसाचे मळे उभे राहिले आणि साखर स्वस्त होत गेली. १८३३ मध्ये ब्रिटिश संसदेने गुलामगिरी बंद करण्याचा कायदा केला तेव्हा दोन कोटी पौंडांची भरपाई दिली गेली. ती गुलामांना नाही, गुलामांच्या मालकांना. १८७४ मध्ये साखरेवरचा आयातकर पूर्ण उठला. गिरणीतल्या मजुराचे जेवण म्हणजे पाव, जॅम आणि साखर घातलेला चहा, असे झाले. राणीच्या तोंडातली कीड कामगाराच्या तोंडात उतरली. साखरेचा नफा मात्र वरच राहिला.

आणि दात? तेही खालून वर जात होते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात लंडनमध्ये जॉन हंटर या नामवंत शल्यवैद्याने जिवंत दात एकाच्या तोंडातून काढून दुसऱ्याच्या तोंडात बसवण्याच्या पद्धतीला मोठी प्रतिष्ठा मिळवून दिली. दात देणारे कोण, तर धुराडी साफ करणारी पोरे आणि गरीब मुली. घेणारे कोण, ते सांगायला नको. १७८७ मध्ये रोलंडसन या व्यंगचित्रकाराने या धंद्यावर एक चित्र काढले आहे. त्यात एका बाजूला नटलेल्या बायका बसल्या आहेत आणि दुसऱ्या बाजूला फाटक्या कपड्यांतली मुले गाल धरून बाहेर पडताहेत. १८१५ च्या वॉटर्लूच्या लढाईनंतर मेलेल्या सैनिकांचे दात उपटून कवळ्यांसाठी विकले गेले. 'वॉटर्लूचे दात' हा शब्दच त्यावरून बाजारात रूढ झाला. खासगी दंतसेवेच्या इतिहासाचे पहिले पान हे असे आहे. आपल्याकडे काही विद्वान 'बाजार सगळ्यांना सेवा देतो' असे व्याख्यान देतात, त्यांनी हे पान जरूर वाचावे.

गरिबांसाठी दातांचा डॉक्टर असा कुणी नव्हताच. जत्रेत दात काढणारा, न्हावी, लोहार किंवा औषधविक्या, यांच्यावर त्यांचे भागत असे. १८७८ च्या कायद्याने डेंटिस्टांची नोंदवही सुरू झाली. पण नोंद नसलेल्याला धंदा करायला बंदी आली ती थेट १९२१ मध्ये. मधल्या काळात सरकारला गरिबांच्या दातांची आठवण झाली ती बोअर युद्धाच्या वेळी. सैन्यात भरती व्हायला आलेली कामगारांची पोरे दातांपायी नापास होऊ लागली. सैनिकाला कडक बिस्कीट चावता आले पाहिजे ना! १९०७ मध्ये शाळेतल्या मुलांच्या वैद्यकीय तपासणीचा कायदा झाला, त्यामागे लोककल्याणापेक्षा सैन्यभरतीची काळजी जास्त होती, असे माझे मत आहे.

१९११ मध्ये लॉइड जॉर्जने आरोग्यविमा आणला. त्यात नोकरीतल्या कामगाराला डॉक्टर मिळाला, पण त्याच्या बायकामुलांना तो मिळाला नाही. दातांचे काम तर 'जादा लाभ' या सदरात टाकले होते. ज्या विमा मंडळीकडे शिल्लक उरेल ती देईल, नाहीतर नाही. शिल्लक कुणाकडे उरणार? जिथे सभासद धडधाकट आणि बऱ्या पगाराचे, तिथे. खाणकामगारांच्या मंडळीकडे आजारीच इतके की दातांपर्यंत पैसा पोहोचतच नसे. म्हणजे ज्याला गरज जास्त त्याला मदत कमी. हे सूत्र लक्षात ठेवा, ते पुढे पुन्हा येणार आहे.

या काळातली एक प्रथा आज सांगितली तर खोटी वाटेल. उत्तर इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडच्या कामगार वस्त्यांत मुलीच्या लग्नाआधी किंवा एकविसाव्या वाढदिवसाला तिचे सगळे दात काढून कवळी बसवून देत. ती भेट समजली जाई. कारण सरळ होते. पुढे आयुष्यभर दातांचा खर्च नवऱ्याच्या डोक्यावर नको! निरोगी दात असलेली वीस वर्षांची पोर खुर्चीत बसायची आणि बोळकी होऊन उठायची. हा हुंड्याचाच एक प्रकार म्हणायचा.

१९४२ च्या डिसेंबरमध्ये बेव्हरिज अहवाल आला आणि युद्धाच्या धामधुमीतही लोकांनी तो रांगा लावून विकत घेतला. त्याच वर्षी जुलैत बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले होते. त्यांच्याच कारकिर्दीत प्रा. बी. पी. अडारकर यांना औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याचा आराखडा करायचे काम दिले गेले. तो १९४४ मध्ये सादर झाला आणि त्यातून पुढे १९४८ चा ईएसआय कायदा आला. दोन्हीकडचा विचार एकाच काळातला होता. ब्रिटनमध्ये मात्र झेप मोठी होती. अन्यूरिन बेव्हन हा वेल्सच्या ट्रेडेगार गावचा, खाणकामगाराचा मुलगा. तेराव्या वर्षी स्वतः खाणीत उतरलेला. ट्रेडेगारमध्ये कामगारांनी पगारातून आठवड्याला थोडे पैसे कापून स्वतःची वैद्यकीय मंडळी चालवली होती. ते त्याने डोळ्यांनी पाहिले होते. आरोग्यमंत्री झाल्यावर ५ जुलै १९४८ रोजी त्याने एनएचएस सुरू केली. डॉक्टर फुकट, चष्मा फुकट, दात फुकट. विमा मंडळी नाही, शिल्लक नाही, लायकीची तपासणी नाही.

डेंटिस्टांच्या संघटनेचा सुरुवातीला विरोध होता. सभासदांना सामील होऊ नका असे सांगितले गेले. पण दवाखान्यांच्या दारात माणसांची रीघ लागली आणि काही महिन्यांत बहुतेक डेंटिस्ट एनएचएसमध्ये आले. दशकानुदशके साठलेले दुखणे एकदम बाहेर पडले. कवळ्यांची मागणी इतकी वाढली की सगळे अंदाज कोसळले. लगेच ओरड सुरू झाली: फुकट मिळते म्हणून लोक उधळपट्टी करताहेत! अरे, तोंडात दात नसलेला माणूस कवळी मागतो, ही उधळपट्टी कशी? मागणी १९४८ मध्ये जन्मली नव्हती. तिला १९४८ पर्यंत दार नव्हते.

एनएचएसच्या रचनेत एक फट मात्र पहिल्या दिवसापासून होती. हॉस्पिटले सरकारी झाली, तिथले डॉक्टर पगारी झाले. डेंटिस्ट पगारी झाले नाहीत. ते स्वतंत्र धंदेवाईक राहिले. दवाखाना त्यांचा, यंत्रे त्यांची, नोकर त्यांचे. सरकार त्यांच्याकडून काम विकत घेणार, दर कामामागे ठरलेला पैसा. म्हणजे दंतसेवेत सरकार मालक कधीच नव्हते, गिऱ्हाईक होते. गिऱ्हाईकाने भाव पाडला की दुकानदार दुसरे गिऱ्हाईक शोधतो. पुढची सत्तर वर्षे हेच घडले आहे.

पहिला घाव तीन वर्षांतच बसला, आणि तो मजूर पक्षाच्याच सरकारने घातला. कोरियाचे युद्ध सुरू झाले होते. शस्त्रांवर तीन वर्षांत ४७० कोटी पौंड खर्चायचे ठरले. अर्थमंत्री ह्यू गेटस्केलने एप्रिल १९५१ च्या अंदाजपत्रकात कवळी आणि चष्म्याची सुमारे अर्धी किंमत लोकांकडून घ्यायचे जाहीर केले. त्यातून पहिल्या वर्षी मिळणार होते सुमारे १.३ कोटी पौंड. दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. ४७० कोटींच्या तोफांसाठी १.३ कोटींच्या कवळ्या! बेव्हनने राजीनामा दिला. हॅरॉल्ड विल्सन आणि जॉन फ्रीमन हेही बाहेर पडले. अनेक इतिहासकार याला दोन नेत्यांची चुरस म्हणतात. चुरस होतीच. पण बेव्हनचा मुद्दा खरा ठरला. एकदा शुल्काचे तत्त्व मान्य केले की ते वाढतच जाते. १९५२ मध्ये हुजूर पक्षाच्या सरकारने दातांच्या साध्या उपचारांवरही एक पौंड लावला. तेव्हापासून एनएचएसमध्ये हृदयाचे ऑपरेशन फुकट आहे आणि दाढ भरायला पैसे पडतात. दात हा शरीराचा भाग आहे की नाही, याचे उत्तर ब्रिटनने १९५१ मध्ये असे दिले.

तरीही सार्वजनिक सेवेने काय केले ते नाकारणे बेइमानी होईल. १९६८ च्या पाहणीत इंग्लंड-वेल्समधल्या ३७ टक्के प्रौढांच्या तोंडात एकही स्वतःचा दात नव्हता. २००९ च्या पाहणीत हे प्रमाण ६ टक्क्यांवर आले. याचे श्रेय फ्लोराइडच्या टूथपेस्टलाही आहे, पण दात उपटण्याऐवजी भरण्याची सवय एका संपूर्ण वर्गाला लागली ती एनएचएसमुळे. तिचे दोषही होते. दर कामाला पैसे म्हटल्यावर काही डेंटिस्टांनी गरज नसताना दात कोरले. १९८६ मध्ये शॅन्शिफ समितीने अनावश्यक उपचारांबद्दल अहवाल दिला. सार्वजनिक म्हणजे सगळे सोवळे, असे मी म्हणत नाही. पैसा कसा वाहतो त्यावर हात कसा चालतो ते ठरते, सरकारी असो की खासगी.

नेमका हाच मुद्दा पुढच्या तीस वर्षांत विसरला गेला. थॅचर सरकारने १९८९ मध्ये फुकट तपासणी बंद केली. १९९० मध्ये नवा करार आला, काम अंदाजापेक्षा जास्त झाले, खर्च वाढला. म्हणून १९९२ मध्ये सरकारने डेंटिस्टांचा दर ७ टक्क्यांनी कापला. ही तारीख महत्त्वाची आहे. चिडलेले डेंटिस्ट हजारोंच्या संख्येने प्रौढ पेशंटांना सांगू लागले की यापुढे मी तुम्हाला खासगीतच पाहीन. दरमहा हप्ता घेणाऱ्या खासगी योजना तयारच होत्या. पेशंटने एनएचएस सोडली नाही. एके दिवशी पत्र आले आणि तो सुटलेला होता.

१९९९ मध्ये टोनी ब्लेअरने पक्षाच्या अधिवेशनात वचन दिले की दोन वर्षांत प्रत्येकाला एनएचएस डेंटिस्ट मिळेल. २००४ च्या फेब्रुवारीत स्कारबरो या समुद्रकाठच्या गावात एक नवा एनएचएस दंत-दवाखाना उघडला, तर थंडीत शेकडो लोकांची रांग रस्ताभर गेली. ते फोटो जगभर छापले गेले.

मग २००६ चा करार आला. आजच्या सगळ्या दुखण्याचे मूळ तिथे आहे, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. या कराराने दातांचे काम 'युनिट'मध्ये मोजायला सुरुवात केली. तपासणीला एक युनिट. भरणे, काढणे, रूट कॅनॉल यांना तीन. कॅप, कवळी यांना बारा. आता एक पेशंट येतो, त्याची एक दाढ भरायची आहे: तीन युनिट. दुसरा येतो, दहा वर्षांत डेंटिस्टचे तोंड न पाहिलेला, सहा दात भरायचे, एक रूट कॅनॉल करायचे: तरीही तीनच युनिट. अर्ध्या तासाचे काम आणि चार तासांचे काम, मोबदला एकच. डेंटिस्ट कितीही सज्जन असो, दुसऱ्या पेशंटवर तो खिशातले घालतो. आणि हा दुसरा पेशंट कोण असतो? रात्रपाळी करणारा, भाड्याच्या खोलीत राहणारा, नुकताच देशात आलेला. कराराने गरिबाच्या तोंडालाच तोट्याचे तोंड ठरवले. शिवाय पेशंटची दवाखान्यात कायमची नोंदणी रद्द झाली, म्हणजे 'माझा डेंटिस्ट' या शब्दाला काही आधार उरला नाही. २००८ मध्ये संसदेच्या आरोग्य समितीने या करारावर कडक टीका केली. २०२३ मध्ये पुन्हा समितीने तो निरुपयोगी ठरवला. २०२२ मध्ये जास्त दातांच्या कामाला पाच आणि दाढेच्या रूट कॅनॉलला सात युनिट द्यायची थोडी डागडुजी झाली. पण ती सोळा वर्षांनी.

हिशेबच पाहू. २०२४ मध्ये सरकारने एका युनिटचा किमान दर २८ पौंड केला. त्या वर्षी शुल्क भरणाऱ्या प्रौढाला तपासणीसाठी २६.८० पौंड द्यावे लागत. म्हणजे किमान दराच्या दवाखान्यात सरकारचा वाटा १ पौंड २० पेन्स! तीन युनिटच्या कामाचे ८४ पौंड. त्यात पेशंटचे ७३.५०. याला 'सरकारी दंतसेवा' म्हणायचे असेल तर म्हणा. एप्रिल २०२५ पासून हेच शुल्क २७.४०, ७५.३० आणि कॅप-कवळीला ३२६.७० पौंड झाले. मुले, गरोदर स्त्रिया आणि काही सरकारी भत्ते घेणारे यातून सुटतात. स्कॉटलंडने वेगळी वाट धरली. तिथे २००६ पासून तपासणी फुकट आहे आणि २०२१ पासून २६ वर्षांखालच्यांना सगळेच उपचार फुकट आहेत. एकाच देशात दोन धोरणे चालू शकतात, याचा हा पुरावा.

वेल्सच्या खाणकामगारांच्या गावात काम करणाऱ्या ज्युलियन ट्यूडर हार्ट या डॉक्टरने १९७१ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये एक नियम मांडला: जिथे उपचारांची गरज जास्त, तिथे ते मिळण्याची शक्यता कमी, आणि बाजाराचा शिरकाव जितका जास्त तितका हा नियम पक्का. १९११ च्या विमा मंडळीचे सूत्र आठवा. साठ वर्षांनी एका डॉक्टरने त्याला नाव दिले, आणि पस्तीस वर्षांनी एका मजूर सरकारने त्याचा करार केला.

ब्रिस्टल शहरातला सेंट पॉल्स हा भाग कॅरिबियन बेटांवरून आलेल्या कृष्णवर्णीयांची जुनी वस्ती. १९६३ मध्ये याच शहरात बस कंपनीच्या वर्णभेदाविरुद्ध बहिष्काराचा लढा झाला होता. ब्रिस्टल गुलामांच्या व्यापारावर आणि साखरेवर वाढलेले शहर. एडवर्ड कोल्स्टन या गुलाम-व्यापाऱ्याचा पुतळा २०२० मध्ये लोकांनी इथेच पाडून बंदरात टाकला. सेंट पॉल्समधला एनएचएस दंत-दवाखाना चालवणाऱ्या मोठ्या कंपनीने २०२३ मध्ये तो बंद केला. लोकांनी आंदोलन केले. फेब्रुवारी २०२४ मध्ये तो नव्या चालकांनी पुन्हा उघडला, तेव्हा रांग इतकी वाढली की पोलिसांना येऊन लोकांना परत पाठवावे लागले. ज्यांच्या पणजोबांनी चाबूक खाऊन ती साखर पिकवली, त्यांची पतवंडे त्याच साखरेने किडलेले दात घेऊन फुटपाथवर उभी होती. मालकांच्या भरपाईचे दोन कोटी पौंड पोचले होते. यांची पाळी अजून यायची होती.

यावर नेहमीचा युक्तिवाद असा: ज्यांना परवडते ते खासगीत गेले तर सरकारी रांग कमी होते, मग गरिबांचाच फायदा नाही का? ऐकायला बरा आहे. पण खासगीत जाणारा पेशंट एकटा जात नाही, डेंटिस्टचे तासही घेऊन जातो. डेंटिस्ट तेवढेच आहेत. खासगी खुर्चीतला प्रत्येक तास एनएचएसच्या खुर्चीतून उचललेला असतो. शिवाय बोलका, लिहिता, खासदाराला पत्र पाठवणारा वर्ग एकदा बाहेर पडला की मागे राहिलेल्यांचे ऐकतो कोण? इंग्लंडमध्ये पाच ते नऊ वर्षांची मुले हॉस्पिटलात भरती होण्याचे सगळ्यात मोठे कारण किडलेले दात हे आहे. ही मुले खासगी शाळांतली नाहीत.

शेवटी, शिष्यवृत्तीवर तिकडे शिकायला जाणाऱ्या आपल्या मुलामुलींसाठी थोडे कामाचे. व्हिसाबरोबर विद्यार्थ्याकडून वर्षाला ७७६ पौंड आरोग्य-अधिभार घेतला जातो. त्यात डॉक्टर आणि हॉस्पिटल येते, दातांचे शुल्क वेगळे भरावे लागते. तेव्हा निघण्यापूर्वी इथेच सगळे दात तपासून, भरायचे ते भरून घ्या. अक्कलदाढेचा एक्स-रेही काढा. तिकडे जनरल डॉक्टरकडे नाव नोंदवले म्हणजे डेंटिस्ट मिळाला असे नाही. रात्रीत दुखणे असह्य झाले तर १११ या नंबरवर फोन करा, तातडीची वेळ मिळू शकते. डेंटल कॉलेजांत विद्यार्थ्यांकडून होणारे उपचारही विचारून पाहा. आणि उत्पन्न कमी असेल तर एचसी१ नावाचा अर्ज असतो. तो मंजूर झाला की एचसी२ प्रमाणपत्र मिळते आणि एनएचएस दंतशुल्क माफ होते. बरेच विद्यार्थी हा अर्ज करतच नाहीत, कारण कुणी सांगत नाही. पोचल्या पोचल्या भरून टाका, उत्तर यायला वेळ लागतो.